घोंगडीखालचं शेवाळ

सकाळी सव्वासात वाजता आसारामने माशाच्या टाकीवर घोंगडी टाकली. चारी बाजूंनी ती फरशीपर्यंत सोडली, टोकं टेबलाच्या पायांना सुतळीने बांधली आणि कुठून उजेड शिरतो का ते आधी वाकून, मग गुडघ्यावर बसून आणि शेवटी पोटावर पडून पाहिलं. शिरत नव्हता. तो उठला, पँट झटकली आणि केजच्या जनावरांच्या दवाखान्यात, जिथे तो ड्रेसर आहे, कामावर निघून गेला. पुढच्या आठवडाभरात जे काही घडलं, त्यात त्याने आपणहून केलेली गोष्ट एवढीच.

टाकी त्याची नव्हती. ती त्याच्या मुलीची, वैष्णवीची. वैष्णवी अंबाजोगाईला कॉलेजात शिकते आणि होस्टेलवर राहते, आणि होस्टेलात मासे चालत नाहीत. म्हणून तिने जाताना टाकी बापाच्या स्वाधीन केली. काचेची, दोन हात लांब, तळाला काळी माती, मातीवर बारीक गवताची हिरवळ, कोपऱ्यात पुण्याहून कुरिअरने मागवलेलं लाल पानांचं झाड, आणि या एवढ्या रानात एकटाच हिंडणारा एक निळा फायटर मासा. वर्षभर राबून तिने ते रान उभं केलं होतं. सूचना थोड्याच होत्या. दिवा दिवसातून सहा तास, खायला दोन दाणे, आणि बाकी काहीही करायचं नाही.

बाकी काहीही न करणं आसारामला जमण्यासारखं नव्हतं. त्याचा बाप जन्मभर मेंढरं राखून गेला होता आणि दावणीचं जनावर उपाशी ठेवायचं नाही, हे त्या घरात बाळकडूसोबत पाजलेलं होतं. दोन दाण्यांवर जगणारा प्राणी त्याला बघवेना. तो चिमूटभर टाकू लागला, मग दोन चिमटी. संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर टाकीपुढे बसायला बरं वाटायचं, म्हणून दिवाही झोपेपर्यंत चालू राहू लागला. पुढे दिवाळीच्या सुमारास त्याला गवत अशक्त वाटलं. अशक्त पिकाला काय घालतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. दवाखान्यात लंगडी मेंढी आली होती. तिच्यामागे पडलेल्या लेंड्या त्याने कागदात बांधून आणल्या, रात्रभर भिजवल्या आणि ते पाणी टाकीत ओतलं.

लेंडीखतासारखं खत नाही हे खरंच आहे. आठवड्याभरात टाकी हिरवीगार झाली. फक्त जे वाढलं ते गवत नव्हतं. काचेवर शेवाळ, दगडावर शेवाळ, लाल पानांवर जटा लोंबाव्यात तसं शेवाळ, आणि पाणी पालकाच्या भाजीसारखं. फायटर मधूनच काचेजवळ येई, बाहेर बघे आणि पुन्हा भाजीत दिसेनासा होई.

आसारामने टूथब्रशने काच घासली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हिरवी. टाकीतलं अर्धं पाणी बदलावं असं त्याच्या वाचनात आलं, पण केजच्या नळाचा वार कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं, आणि घरातल्या ड्रमवर त्याच्या बायकोचा, उज्ज्वलाचा, पहारा होता.

"माणसं तांब्यानं अंग धुवायलेत अन् माशाला नवं पाणी पायजे म्हणं," ती म्हणाली, आणि ड्रमच्या झाकणावर वरवंटा ठेवून निघून गेली.

वैष्णवी दर दोन दिवसांनी टाकीचा फोटो मागायची. आसाराम तिला फोटो पाठवायचा. फोटो पावसाळ्यातला असायचा, पण तो आजचा आहे असं त्याने कधी लिहिलं नव्हतं. तिची परीक्षा संपत आली होती आणि ती आता येणार होती. तेवढ्यात मोबाईलवर एका व्हिडिओत त्याला उपाय सापडला. टाकी पूर्ण अंधारात ठेवायची, तीन दिवस. उजेड मिळाला नाही की शेवाळ मरतं. झाडं तेवढा अंधार सोसतात, मासा तर सोसतोच. पाणी लागत नाही, औषध लागत नाही. चादर टाकून पाहिली तर ती आरपार दिसत होती. मग त्याने ट्रंक उघडली आणि तळाची बापाची घोंगडी काढली. काळी, जाड, मेंढरांच्या लोकरीची. पावसाचा थेंब जिच्यातून कधी आत गेला नाही, तिच्यातून उजेड काय जाणार.

तो मार्गशीर्षाचा पहिला दिवस होता. हे आसारामच्या लक्षात नव्हतं. ज्या घराण्याचं कुलदैवत खंडोबा आहे, त्या घरात या दिवशी घट बसतात आणि चंपाषष्ठीला उठतात. मधल्या दिवसांत घटाला कुणी हलवत नाही.

त्याच्या लक्षात नव्हतं, पण त्याच्या आईच्या होतं.

कडूबाई तेलगावजवळच्या वस्तीवर थोरल्या मुलाकडे, बद्रीनाथकडे राहायच्या. नवरा गेल्यावर पोरांनी मेंढरं विकली, आणि आसारामने केजला घर केलं पण त्यात घट बसवला नाही. तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला होता. आसारामकडे यायचं, पण बसायचं नाही. महिन्यातून एकदा जीपमधून उतरायचं, दारात उभं राहायचं, पीठ, शेंगा जे आणलं असेल ते द्यायचं, आणि उभ्याउभ्याच परत जायचं. ज्या घरात देव बसत नाही तिथं मी कशी बसू, असं त्या म्हणायच्या. उज्ज्वलाने खुर्ची पुढे केली की त्या खुर्चीला हात लावून नमस्कार करत आणि उभ्याच राहत. दोन वर्षं हे चाललं होतं. आसाराम त्याबद्दल बोलत नसे, पण आई येऊन गेली की त्या दिवशी तो जेवत नसे.

टाकीवर घोंगडी पडली त्या दिवशी कडूबाई बाजरीचं पीठ घेऊन आल्या. दार उघडंच होतं. समोर, भिंतीशी, उंचावर नवऱ्याची घोंगडी पांघरलेलं काहीतरी होतं आणि आतून संथ गुळगुळ असा आवाज येत होता.

दवाखान्यात आसाराम एका म्हशीच्या खुरातली काच काढत असताना त्याचा फोन वाजला. उज्ज्वला होती; सासूला ती आत्या म्हणते. आवाज दबका होता.

"अहो, आत्या बसल्यात."

"कुठं?"

"खाली. टाकीपुढं. रडायल्यात. तुमी या."

उज्ज्वलाने सांगायला तोंड उघडलं होतं, हे इथे नोंदवायला हवं. पण तोंड उघडायच्या आत सासूने तिच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली. सासूने तिची अशी दृष्ट काढण्याची ही पहिलीच वेळ. तिने तोंड मिटलं आणि समई घासायला घेतली.

आसाराम घरी पोहोचला तेव्हा समई लागली होती. घोंगडीवर भंडारा उधळलेला होता, त्यावर झेंडूची माळ होती, आणि शेजारच्या सारजाबाई पदर सावरून कडूबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. सारजाबाईंना कोणत्याही विषयातलं आधीच माहीत असतं. आसारामने चपला काढल्या, खाली बसला, आणि वाटेत गाडीवर जुळवलेलं सगळं सांगून टाकायचं ठरवलं.

"माय, घोंगडीखाली काचेची टाकी हाय. पाण्याची."

"घट पाण्याचाच असतोय," कडूबाई म्हणाल्या.

"त्यात माती हाय. मातीत झाडं लावल्यात."

"मग. धान उगवायलाच पायजे."

आसारामने दम घेतला. "मासा बी हाय त्यात."

कडूबाई थांबल्या. "मासा कावून?"

उत्तर सारजाबाईंनी दिलं. "पाणी नासू नये म्हणून. आडात न्हाई का सोडत कासव? शहरातली माणसं, कमी जागेत सगळं करावं लागतंय."

"व्हय की," कडूबाई म्हणाल्या, आणि आसारामकडे असं पाहिलं, जणू पोराने शास्त्र वाचलंय.

म्हणजे आसारामने खोटं काहीच सांगितलं नाही. टाकी सांगितली, पाणी सांगितलं, माती, झाडं, मासा, सगळं सांगितलं. एकच वाक्य उरलं होतं, यात देव नाही. ते तो जिभेवर आणून बसला होता. पण कोणाच्या देवाबद्दल, समई लागलेली असताना, कपाळाला भंडारा लावून, हे वाक्य कसं म्हणायचं, याचा व्हिडिओ कुठे नव्हता. आणि तेवढ्यात कडूबाईंनी घोंगडीची किनार बोटांत धरली.

"तुझा बाप गेल्यावर मला वाटलं, मेंढरांसंग देव बी विकला तुमी," त्या म्हणाल्या. "आता मी षष्ठीपस्तोर बसते."

आसाराम उठून चहा ठेवायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. सारजाबाईंनी गल्लीत सांगितलं होतं की आसारामच्या घरचा घट बोलतो. घोंगडीला कान लावला की खरोखरच गुळगुळ ऐकू यायचं, कारण पाणी फिरवणारी मोटर चालूच होती. दुपारी लाइट जायची तेव्हा आवाज थांबायचा. मग बाया एकमेकींना बोटाने गप्प करत. देव जेवायला बसला म्हणत. लाइट आली, आवाज सुरू झाला की हात जोडत. उज्ज्वला प्रत्येकीला चहा करत होती आणि ड्रममधलं पाणी खाली खाली जात होतं. माशाला अर्धी बादली द्यायला नको म्हणणाऱ्या बाईवर गल्लीला चहा पाजायची वेळ आली, हे आसारामच्या लक्षात आलं, पण ते बोलून दाखवण्याइतकं बळ त्याच्यात नव्हतं.

अंधाराची मुदत संपली तेव्हा घोंगडी काढायला हवी होती. आसारामने सुतळीला हात लावला.

"घट हलवायचा न्हाई," कडूबाई भिंतीला टेकून, डोळे मिटलेले असताना म्हणाल्या.

त्याने अंगणात जाऊन वैष्णवीला फोन केला. सगळं सांगितलं. लेंड्यांसकट. 

"पप्पा, मग ते फोटो?"

"जुने होते."

 मग ती म्हणाली, "तीन दिवसांच्या वर अंधार झाडं नाही सोसत. गवत आधी जाईल, मग लाल झाड. आजीला सांगा."

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"धान उगवायलाच पायजे म्हणली."

वैष्णवीने षष्ठीला शेवटचा पेपर देऊन निघते असं सांगितलं आणि फोन ठेवला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर आसारामला त्या दिवशी झोप लागली असती.

त्याच दुपारी बद्रीनाथ आला. घराण्याचा घट थोरल्याच्या घरी असतो आणि धाकट्याने परस्पर दुसरा मांडणं म्हणजे देवाची वाटणी, असं त्याचं म्हणणं होतं. ते सगळं तो दारातूनच, गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. बोलता बोलता त्याची नजर घोंगडीखालून बोर्डाकडे जाणाऱ्या वायरीवर गेली.

"अन् देवाला करंट कावून दिलाय बे?"

आसारामने तोंड उघडलं, पण आता त्याला उत्तरं द्यावी लागत नसत. "आत नंदादीप हाय, लाइटचा," सारजाबाई म्हणाल्या. "वारा लागू नये म्हणून."

वाटणीच्या मुद्द्याला कडूबाईंनी स्वतः उत्तर दिलं. "तुझ्या घटाला तुझी बायको सीरियल बघत बघत पाणी घालती. हितं बोलायलाय तो. ऐक."

बद्रीनाथने कान लावला. लाइट होती. त्याने टोपी नीट केली. मग मागे वळून पाहिलं, तर दारात बाया होत्या, अंगणात पुरुष होते, आणि रस्त्यावर दोन मोटारसायकली थांबलेल्या. बद्रीनाथला येत्या पंचायत समितीला उभं राहायचं आहे. वाटणीचा विषय त्याने तिथेच सोडला. जाताना आसारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, षष्ठीची तळी इथंच भरू, माणसं मी आणतो, रोडगे अन् वांग्याचं भरीत माझ्याकडं, तू फक्त उभा राहा.

"दादा, माणसं नको."

"देवाच्या कामाला नको म्हणू नये, आसाराम."

मधल्या दिवसांत आसारामने एकदा प्रयत्न केला. आई आंघोळीला गेली तेव्हा त्याने खिशातून दाण्यांची डबी काढली आणि घोंगडीचं टोक उचलायला वाकला. मासा इतक्या दिवसांत मरत नाही, उलट पोट साफ होतं, असं व्हिडिओवाला म्हणाला होता. पण व्हिडिओवाला मेंढपाळाच्या घरात वाढलेला नव्हता. उपाशी जनावर अंधारात आहे आणि आपण भरीत खाणार आहोत, हे आसारामला पचत नव्हतं.

"आंघोळ झाली का?" मागून सारजाबाई.

"सकाळीच झाली."

"घटाला हात लावायचा तर ओल्यानं लावावा."

आसाराम मुकाट्याने गेला, अंगणात डोक्यावर तांब्या ओतून घेतला आणि डिसेंबरच्या वाऱ्यात, ओल्या कपड्यांनी, मुठीत डबी धरून परत आला. तोवर कडूबाई जागेवर येऊन बसल्या होत्या. ओला पोरगा बघून त्यांचे डोळे पुन्हा भरले. त्यांनी त्याला घोंगडीला पाच प्रदक्षिणा घालायला लावल्या. टेबल भिंतीला चिकटून होतं म्हणून त्या जागेवरच झाल्या. त्यानंतर त्याला सर्दी झाली.

चंपाषष्ठीला दुपारपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बद्रीनाथने जीप भरून माणसं आणली होती. पाच जणांनी ताटात विड्याची पानं, खोबरं, भंडारा घेऊन तळी उचलली. येळकोट येळकोट झालं. आसाराम नाक पुसत टाकीच्या डाव्या बाजूला उभा होता, कारण फायटर बहुधा डाव्या कोपऱ्यात असतो. मग कडूबाई उठल्या. त्यांनी सुतळ्या सोडल्या, नवऱ्याची घोंगडी कपाळाला लावली आणि बाजूला घेतली.

गर्दी पुढे सरकली.

शेवाळ कुठेही नव्हतं. काच नुकती आणल्यासारखी होती, पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचा खिळा दिसत होता. आसारामने आयुष्यात कोणताही उपाय इतका लागू पडलेला पाहिला नव्हता. झाडं मात्र उजेडाअभावी उंच सुटली होती आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पिवळी पडली होती. गवत पिवळं आणि लाल झाड लालसर पिवळं. 

"पिवळंधमक," कडूबाई हळूच म्हणाल्या. "सोन्यासारखं धान उगवलंय रे."

बायांनी मान डोलावली. सावलीत वाढणारं घटाचं धान पिवळं होतं, आणि जितकं पिवळं तितकं साल चांगलं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. इतकं पिवळं धान कुणीच पाहिलं नव्हतं. आणि घट उठला की धान खुडून प्रसाद म्हणून वाटतात, हेही प्रत्येकीला ठाऊक होतं. आसारामला ते आत्ता आठवलं. तोवर कडूबाईंनी काकणं कोपरापर्यंत सरकवून हात टाकीत घातला होता.

गवत मुठीमुठीने बाहेर आलं. बायांनी केसांत माळलं, पुरुषांनी टोपीत खोवलं. लाल झाड, पुण्याहून आलेलं, थोरल्या मुलाचा मान म्हणून मुळासकट बद्रीनाथच्या टोपीत गेलं. त्याच्या मुळांतलं पाणी बद्रीनाथच्या कपाळावरून ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण समोर एक जण मोबाईलवर फोटो काढत होता. आसाराम माशाला शोधत होता. इतके हात आत-बाहेर होत होते की काही दिसेना. एकदा कोपऱ्यात निळं काहीतरी हललं असं त्याला वाटलं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पुन्हा येळकोट म्हटलं आणि सगळ्यांनी मिळून भंडारा उधळला.

पाणी पिवळं झालं. आतलं काही दिसायचं बंद झालं.

वैष्णवी दारात बॅग घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती ते कुणाला माहीत नाही. तिने आधी टाकीकडे पाहिलं, मग काकाच्या टोपीकडे, मग बापाकडे. आसारामने नाक पुसलं.  कडूबाईंनी नातीला हाताला धरून आत आणलं, उरलेली शेवटची काडी तिच्या वेणीत खोवली आणि तिला आपल्याजवळ बसवून घेतलं. खाली, फरशीवर, टाकीपुढे.

"आजी, तू इथं बसलीस?" वैष्णवी म्हणाली.

"बसले तर. तुझ्या बापानं देव बसवला." कडूबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दरसाल बसवा. मी येत जाईन."

वैष्णवीने बापाकडे पुन्हा एकदा पाहिलं. आसारामने नजर खाली नेली. 

संध्याकाळी माणसं पांगली. घटाचं पाणी मोरीत सांडायचं नसतं, ते वाहत्या पाण्यातच सोडायचं, असं कडूबाईंनी सांगितलं, आणि केजजवळ सध्या वाहतं पाणी कुठे आहे याची चौकशी बद्रीनाथ करणार होता. ड्रम तळाला गेला होता. वरवंटा उज्ज्वलाने आपणहून काढून ठेवला होता, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

वैष्णवी मोबाईलचा उजेड काचेला लावून बसली होती. तिच्या शेजारी आजी. अंधार पडता पडता डाव्या कोपऱ्यात पिवळं पाणी थोडं हललं.

"मासा," वैष्णवी पुटपुटली.

कडूबाईंनी हात जोडले.

आसाराम मागे उभा होता. मोटर चालू होती, त्यामुळे पाणी कशाने हललं ते नक्की सांगता येत नव्हतं.